मागच्या खोलीतला अंधार

मी काय काम करतो हे सांगायला गेलो की माझी हमखास फजिती होते. केजच्या घरात बसून मी अमेरिकेतल्या दवाखान्यांचे कागद वाचतो आणि प्रत्येक आजाराला त्याचा ठरलेला नंबर लावतो. त्या नंबरावर तिकडे विम्याचं काम पुढे सरकतं. याला मेडिकल कोडिंग म्हणतात. गल्लीने यातून एवढाच अर्थ काढला, की हा डॉक्टर आहे पण भित्रा असल्यामुळे सुई टोचत नाही. "काय बे डाक्टर, माझ्या मानेचा नंबर काय?" असं पानटपरीवर कुणीतरी विचारतं आणि मी मूर्खासारखा खरंच सांगतो. मान दुखायची राहत नाही, पण नंबर असलेली मान घेऊन माणूस जरा ऐटीत घरी जातो.

या कामात एक कडक नियम आहे. अंदाज बांधायचा नाही. डॉक्टरने एका ओळीत 'अर्धशिशी' लिहिलं आणि खाली कुठेतरी 'पाळी चालू' लिहिलं, तर आपल्या मनाने ते दोन जोडायचे नाहीत. पाळीबरोबर उठणाऱ्या अर्धशिशीला वेगळा नंबर आहे. तो लावायचा तर डॉक्टरने तसं स्पष्ट लिहायला हवं. नसेल लिहिलं तर उलट विचारायचं. समुद्रापलीकडच्या, कधी न पाहिलेल्या बायांसाठी मी असं अनेकदा विचारलं आहे. घरात मात्र सगळा संसार अंदाजावर केला.

बायको लग्न होऊन आली तेव्हा आमच्याकडे 'बाहेर बसायची' रीत होती. पाळी आली की बाईने मागच्या खोलीत जायचं. देवाला, माठाला, स्वयंपाकाला शिवायचं नाही. जेवणाचं ताट दारात. खोलीत ज्वारीची पोती, एक गोधडी, आणि खिडकीच्या जागी पत्र्याचं झाकण. मी शिकलेला माणूस. एके दिवशी आईपुढे उभा राहून भाषण ठोकलं. विज्ञान झालं, समता झाली, आवाजही चांगला लागला होता. आई शेंगा फोडत बसली होती.

"झालं का तुजं?"

"झालं."

"मंग बस हितं. शेंगा फोड."

पण रीत मोडली. आईने हट्ट धरला नाही. मी लगेच पत्र्याचं झाकण काढून मोठी खिडकी बसवली, ट्यूबलाइट लावली, पोती हलवली आणि माझं टेबल तिथे मांडलं. सुधारणेची सुधारणा झाली आणि मला ऑफिसही मिळालं. बायकोला विचारलं, "आता बरं वाटतंय ना?" ती "हं" म्हणाली. त्या 'हं'चा अर्थ मी मला हवा तसा घेतला.

पुढे तिचं डोकं उठायला लागलं, असं माझं मत झालं. खरं तर ते आधीपासून उठत होतं. आता ते स्वयंपाकघरात, सगळ्यांसमोर उठत होतं एवढंच. अर्धंच डोकं, डोळ्याच्या मागून कुणी पहार घातल्यासारखं. फोडणीच्या वासाने उलटी व्हायची. कुकरची शिट्टी झाली की ती दोन्ही हातांनी कान दाबून भिंतीला टेकायची, आणि मग पुन्हा भाकरी थापायला बसायची. मी पित्त ठरवलं. पित्ताने ऐकलं नाही म्हणून नजर कमी झाली असं ठरवून चष्मा करून आणला. तो घातला की तिला तवा तिरका दिसायचा. आईने दुसऱ्या प्रकारची नजर ठरवली आणि मिरच्या ओवाळून निखाऱ्यावर टाकल्या. त्या धुरात बायको न्हाणीत जाऊन फरशीवर पडली, ती बराच वेळ उठली नाही.

मग शेजारच्या काकू आल्या. त्या वर्षानुवर्षं ऊसतोडीला गेलेल्या.

"पाळीच्या टायमालाच उठतंय न्हवं? मंग पिशवीचाच दोष हाय," त्या म्हणाल्या. आमच्याकडे गर्भाशयाला पिशवी म्हणतात. "काढून टाक बाई. आमच्या टोळीत कितीजणींनी काढल्या. दोन लेकरं झाली, आता ती ठिवायची कावून?"

 दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवताना बायको म्हणाली, "अहो, काढू. मला लई सोसंना."

एका खासगी दवाखान्यात तारीख मिळाली. संमतीचा कागद माझ्यापुढे आला. दिवसभर परक्यांचे कागद वाचणारा मी, त्या कागदावर न वाचता सही करून बाहेर चहा प्यायला गेलो.

टाके भरले. तिने घर पुन्हा हातात घेतलं. आणि पुढच्याच महिन्यात डोकं उठलं, तसंच, त्याच बाजूचं.

तेव्हा कुठे मी तिला अंबाजोगाईला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी मला गप्प बसवलं आणि तिला विचारलं. डोकं कधी उठायचं, कुठलं, उजेड सोसतो का, पाळीच्या आधी की पाळी आल्यावर. कुणीतरी उलट विचारत होतं. तिने सगळं नीट सांगितलं, अगदी कधीपासून तेही. लग्नाच्या आधीपासून.

"मग इतकी वर्षं कसं काढलंत?"

"बाहेर बसायचे ना. खोलीत अंधार असायचा. कुणी हाक मारायचं न्हाई. पडून ऱ्हायचे." माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "मग तिथं ह्यांचं हापिस झालं."

बाईंनी कागदावर लिहिलं ते मी उलटं वाचलं. पाळीची अर्धशिशी. नंबर मला तोंडपाठ होता.

"पाळीच्या वेळी शरीरातलं एक संप्रेरक झपकन उतरतं, तेव्हा हे डोकं उठतं," त्या म्हणाल्या. "पिशवीचा दोष नव्हता. अंडाशय अजून आत आहेत, त्यामुळे चढउतार चालूच राहणार. पाळी दिसत असती तर तारखेच्या आधीच गोळी सुरू करता आली असती. आता तारीख कळायची कशी? घड्याळ चालूच आहे ताई, काटे तेवढे काढलेत."

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. पदर डोळ्यांवर ओढलेला. मी विचारलं, "दुखतंय का?" ती म्हणाली, "न्हाई. ऊन लागतंय." ऊन दुसऱ्या बाजूला होतं.

घरी आल्यावर आईने सगळं विचारून घेतलं.

गोळी कधी लागू पडते, कधी नाही. त्यानंतर पहिल्यांदा डोकं उठलं तेव्हा मी खोलीत काम करत होतो. आई आत आली आणि तिने ट्यूबलाइट बंद केली.

"ऊठ."

"आई, काम चालूय."

"भाईर घिऊन जा तुजं काम."

खिडकीवर तिने जुनी सतरंजी टांगली, खाली गोधडी अंथरली आणि बायकोला हाताला धरून आणलं. "बाहेर बस," म्हणाली. "सयपाकाला शिवू नको." दार ओढून घेतलं.

दुपारी काकू आल्या. "सूनबाई कुठाय?"

"बाहेर बसलीय."

"आता कसलं गं बाहेर? पिशवी काढलीय की तिची."

"आमच्यात बसत्यात," आई म्हणाली. "तू हळू बोल."

मी ओसरीवर होतो. लॅपटॉप बंद करून शेंगांचं सूप पुढे ओढलं आणि आवाज होऊ न देता एकेक शेंग फोडू लागलो.