नींदवाली मॅडम

गाडीत बसण्याआधी मॅडम ड्रायव्हरला विचारायच्या, “काल किती तास झोपलात?” नाव, गाव, हाय-हॅलो सगळं त्यानंतर. उत्तर ऐकताना त्या माणसाच्या ओठांकडे नाही, डोळ्यांकडे बघायच्या. मग गाडीभोवती एक फेरी, चारही टायरांना हात, आणि स्वतःचा पट्टा दोनदा ओढून बघणं. कितीही उशीर होत असला तरी यातलं काही चुकायचं नाही.

मी हे पहिल्यांदा पाहिलं दुबई विमानतळावर. जबल अलीत एका गोदामाचा स्टुडिओ करून परदेशी मालिकेचं शूटिंग चाललं होतं. मी तिथे कोऑर्डिनेटर होते. कोण किती वाजता कुठे पोचणार, कुठली गाडी कोण चालवणार, याचं वेळापत्रक रोज टाइप करून सगळ्यांना पाठवायचं, हे माझं काम. मॅडम मालिकेत आजी व्हायला ऑस्ट्रेलियाहून आल्या होत्या. त्यांना आणायला माझ्याबरोबर बशीरभाई आले होते. वय पंचावन्नच्या पुढे, गाव पेशावरकडचं, निम्मं आयुष्य इथल्या रस्त्यांवर गेलेलं. मॅडमचा प्रश्न मी त्यांना हिंदीत सांगितला तेव्हा ते हसले. “बेटी, मॅडम को बोलो, नींद तो अब कबर में ही पूरी होगी.”

“काय म्हणाले?” मॅडमनी विचारलं.

“छान झोप झाली म्हणतात,” मी इंग्रजीत सांगून टाकलं.

त्या जरा थांबल्या, मग बसल्या. पण जबल अली येईपर्यंत त्यांची नजर आरशातल्या बशीरभाईंच्या डोळ्यांवरून हलली नाही. दोन दिवसांत सगळे ड्रायव्हर त्यांना ‘नींदवाली मॅडम’ म्हणायला लागले. अर्थ मी सांगितला तेव्हा त्यांना ते नाव आवडलं. “यापेक्षा वाईट नावं मिळाली आहेत मला,” म्हणाल्या.

मेंढ्यांच्या एका ओसाड गावात त्यांच्या वडिलांचं खाटकाचं दुकान होतं. एकोणिसाव्या वर्षी त्या सिडनीला पळाल्या आणि रोजच्या एका मालिकेत नर्स झाल्या. सात वर्षं. रस्त्यात बायका अडवून औषधं विचारायच्या, आणि मॅडम बिनदिक्कत सांगायच्याही. मग भयपट आले. मध्यंतराच्या आत मरणारी बाई म्हणून त्यांचं नाव झालं. पुढे अमेरिका, मोठे सिनेमे, आणि पन्नाशीनंतर फक्त आया आणि आज्या. हे सगळं त्या मेकअपच्या खुर्चीत डोळे मिटून सांगायच्या, दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट सांगावी तसं.

एका सुट्टीच्या दिवशी आईने त्यांना आमच्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या घरी जेवायला बोलावलं. भरली वांगी त्यांनी दोनदा वाढून घेतली. बाबांनी कौतुकाने विचारलं, “मॅडम, सिनेमात मरताना भीती वाटते का हो?”

“मी पडद्यावर अकरा वेळा मेले आहे,” मॅडम म्हणाल्या. “दहा वेळा खोटं. एकदा खरं. फक्त त्या वेळी मी गाडीत नव्हते. माझे कपडे घालून टेस होती.”

टेस म्हणजे धोक्याच्या दृश्यांत त्यांच्या जागी काम करणारी बाई. गाडी उलटली होती. मॅडम कॅमेऱ्यामागे खुर्चीत बसून कॉफी पीत होत्या. मी भाषांतर केल्यावर आई पुटपुटली, “शिव शिव.” मॅडमनी शांतपणे पाण्याचा पेला उचलला.

डिसेंबरात खोर फक्कानचं काम सुरू झालं. जबल अलीहून पहाटे निघायचं, डोंगर ओलांडून समुद्राकाठी शूटिंग, आणि परत. ड्रायव्हर कमी होते. शूटिंगचा खर्च आणि माणसं सांभाळणारे लाइन प्रोड्युसर मला म्हणायचे, “बशीर को डाल दो, वो ना नहीं बोलता.” मी बशीरभाईंचं नाव टाकत गेले. सकाळच्या खेपेत, संध्याकाळच्या खेपेत, मधल्या सामानाच्या खेपेतही.

अशाच एका पहाटे धुकं उतरलं. इथलं धुकं ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. समोरच्या गाडीचे दिवे दहा पावलांवर विझल्यासारखे होतात. तीन गाड्या उभ्या होत्या. मॅडमनी बशीरभाईंना नेहमीचा प्रश्न विचारला. त्यांनी नुसती मान डोलावली. मॅडम गाडीत बसल्या नाहीत. गाडीच्या पुढ्यात जमिनीवर बसल्या.

“हा माणूस झोपल्याशिवाय ही गाडी जाणार नाही,” त्या म्हणाल्या.

लाइन प्रोड्युसर धावत आले. “मॅडम, सूर्य आपल्यासाठी थांबत नाही. यल्ला, चला, प्लीज.” त्यांनी विनवलं, मग आवाज चढवला. मॅडम हलल्या नाहीत. बाकी दोन गाड्या धुक्यात निघून गेल्या आणि वेळेवर, सुखरूप पोचल्या. आमच्या गाडीत मागच्या सीटवर बशीरभाई दोन तास मेल्यासारखे झोपले, आणि मॅडम बाहेर उन्हं वर येईपर्यंत बसून राहिल्या. त्या दिवसाचा मुख्य प्रसंग गेला तो गेलाच.

“काय झालं? काही झालं का?” लाइन प्रोड्युसर सगळ्यांना विचारत फिरत होते. खरंच काही झालं नव्हतं. आठवड्याभरात आजीचे राहिलेले प्रसंग कथेतून काढून टाकले गेले आणि मॅडमच्या हातात परतीचं तिकीट पडलं. युनिट हसलं. खरं सांगायचं तर मीही थोडी हसले.

विमानतळावर निरोप घेताना त्यांनी विचारलं, “ते वेळापत्रक कोण टाइप करतं?”

“मी.”

“मग ते वाचतही जा,” त्या म्हणाल्या. माझा गाल थोपटला आणि आत निघून गेल्या.

त्यानंतर नवव्या दिवशी, भर दुपारी, लख्ख उन्हात, खोर फक्कानहून रिकामी गाडी परत आणताना बशीरभाईंना झोप लागली. सरळ रस्ता होता. धुकं नव्हतं, वळण नव्हतं, समोर दुसरी गाडीही नव्हती. गाडी रस्ता सोडून खडकांवर गेली. ते जागीच गेले.

दुसऱ्या दिवशी लाइन प्रोड्युसरनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावलं. चौकशीला अधिकारी येणार होते. “पिछले दो हफ्तों के शेड्यूल नये सिरे से बना दो. बशीर की ड्यूटी रोज आठ घंटे ही दिखनी चाहिए. ओरिजिनल डिलीट. खलास.” मग अगदी प्रेमाने म्हणाले, “तुम्हारा व्हिसा अपनी ही कंपनी पे है ना?”

मी घरी येऊन सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, “अगं, तू नुसतं टाइप करत होतीस. निर्णय तुझे नव्हते. कशाला मधे पडतेस?” आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “त्या माणसाने तुला कितीदा दारापर्यंत आणून सोडलंय. तू आत येईपर्यंत गाडी हलवायचा नाही तो.”

मी मॅडमना फोन लावला. बशीरभाई गेले आणि मला वेळापत्रकं बदलायला सांगितलंय, हे त्यांना सांगितलं.

मी म्हटलं, “तुम्हाला सगळं आधीच दिसलं होतं.”

“दिसलं नव्हतं. आठवलं होतं,” त्या म्हणाल्या. “टेसची गाडी चालवणारा माणूस वीस तास जागा होता. सकाळी मेकअप करताना मी त्याला डुलक्या घेताना पाहिलं होतं. पोलिसांनी विचारलं, तेव्हा मी सांगितलं, सगळे ताजेतवाने होते. पुढचा सिनेमा त्याच कंपनीचा होता. मला हवा होता, आणि मिळाला. चांगला चालला.” त्यांचा श्वास ऐकू येत होता. “तू काय करावंस हे मी सांगणार नाही. मी काय केलं तेवढं सांगितलं.”

बशीरभाईंचं विमानतळावरचं वाक्य मी खोटं करून सांगितलं होतं, हे मी त्यांना तेव्हा सांगितलं. त्या म्हणाल्या, “मला कळलं होतं गं. तरी मी बसले.”

मूळ वेळापत्रकं मी अधिकाऱ्यांच्या हातात दिली. प्रत्येक पानाखाली माझंच नाव होतं. त्यांनी मलाही बरेच प्रश्न विचारले. कंपनीवर ठपका आला. बशीरभाईंच्या घरच्यांना त्यांच्या हक्काचं मिळालं. माझी नोकरी त्याच आठवड्यात गेली. पुढचं काम मिळेपर्यंत बाबांनी मला स्वतःच्या व्हिसावर घेतलं.

मॅडमचे फोन नंतर कमी झाले. आवाज बारीक होत गेला. आजार त्यांनी सांगितला नाही, मी विचारला नाही. एकदा एवढंच म्हणाल्या, “टेसची बहीण दोन तासांच्या अंतरावर राहते. मी जाऊन आले. तिने दार लावून घेतलं. बरोबर केलं तिने.”

मागच्या हिवाळ्यात अनोळखी ऑस्ट्रेलियन नंबरवरून मेसेज आला. मॅडम गेल्या होत्या. पाठवणारी टेसची बहीण होती. तिने लिहिलं होतं : ‘ती दर गुरुवारी यायची आणि पायरीवर बसायची. सहा गुरुवार मी दार उघडलं नाही. सातव्या गुरुवारी पाऊस होता, म्हणून उघडलं. तिने काय केलं होतं ते तिने सगळं सांगितलं. मी तिला माफ केलं नाही, तिने मागितलंही नाही. पण शेवटचे तीन आठवडे ती माझ्याच घरी होती. तुला कळवायला तिनेच सांगितलं होतं.’