बिनसाखळीची गाडी आणि हिंदीची परीक्षा

आमच्या यजमानांची मोटारसायकल बिनसाखळीची होती, आणि हे ऐकल्याशिवाय आमच्या घरून कुणालाही चहा पिऊन उठता येत नसे. लढाई संपल्यावर लष्कराने मोडीत काढलेली ती गाडी त्यांनी एका पेन्शनर सुभेदाराकडून घेतली होती. साखळीच्या जागी पोलादी शाफ्ट, आणि चाक खालीवर झालं तरी शाफ्ट फिरत राहावा म्हणून मागच्या टोकाला चार टोकांचा क्रॉस. "चेनची झंझटच नाही," यजमान पाहुण्यांना सांगत. झंझट होतीच, फक्त ती माझ्या वाट्याची होती.

दर दुसऱ्या रविवारी क्रॉसला ग्रीस द्यावं लागे. ग्रीस आत भरायचं बारीक तोंड, म्हणजे निपल, रबरी टोपीआड दडलेलं. मागचं चाक हळूहळू फिरवलं की एका जागी ते बोटभर भोकातून दिसे, जरा पुढे गेलं की गडप. हे स्टुलावर बसून गाडीचं इंग्रजी पुस्तक वाचत आणि मी जमिनीवर बसून चाक फिरवी. "अजून थोडं. जास्त झालं. मागे घे." निपल सापडलं की पंपही मीच मारायचा, कारण त्यांना सोमवारी कचेरीत जायचं असे आणि काळे हात चालत नसत. सोमवारी मलाही जसोंडीच्या शाळेत जायचं असे, पण मास्तरणीचे हात कोण बघतो?

क्रॉसची खरी माहिती मला शनवाऱ्यातल्या गॅरेजच्या म्हाताऱ्या मिस्त्रीने दिली. यजमान ऐकून घेणाऱ्यांतले नव्हेत हे त्याने पहिल्याच भेटीत ओळखलं होतं. "बाई, इसमें चार कटोरी है, हर कटोरी में बारीक सुइयाँ," त्याने एक कटोरी उघडून दाखवली. "ग्रीस सूखा, तो सुई की भुकटी बनेगी. लाल दिखे तो समझ जाना."

त्याच सुमारास राज्य नवं झालं. राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली, आणि आमच्या मराठी शाळेत पहिलं हिंदी पत्र आलं. वर लिहिलं होतं 'शिक्षा विभाग'. मराठीत शिक्षा कशाला म्हणतात ते सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे हेडमास्तरांनी ते उभ्यानेच वाचलं. पुढे होतं की प्रत्येक शिक्षकाने हिंदीच्या परीक्षेत उत्तीर्ण होण्याची 'चेष्टा' करावी. आम्ही चेष्टा करायला एका पायावर तयार होतो, पण खालची ओळ चेष्टेची नव्हती. नापास होईल त्याची नोकरी जाणार होती.

मला ती नोकरी हवी होती. घरी मी 'अगं' होते, शाळेत 'बाई'. नऊ वर्षं मी पोरांना मराठी शिकवत होते आणि दिवसातले तेवढेच तास माझं म्हणणं कुणीतरी वहीत उतरवून घेत होतं.

परीक्षा देडतलाईच्या शाळेत, अकरा वाजता. नवे इन्स्पेक्टरसाहेब तिथे मुक्कामाला होते. मी बसने जाते म्हटलं, तर यजमान दुखावले. "घरची गाडी असताना बस? लोक काय म्हणतील?"

ग्रीस संपलं होतं. शेजारी माग चालत, तिथून यांनी मागाचं तेल आणलं. ते पाण्यासारखं पातळ. मी म्हटलं, "अहो, हे टिकायचं नाही, उडून जाईल." हे म्हणाले, "पातळ आहे म्हणूनच तर आतवर जाईल ना. तू धडे पाठ कर." निघायच्या दिवशी टोपीच्या कडेला लाल भुकटी दिसली. मी बोट लावून दाखवलं. "रस्त्याची धूळ आहे," ते म्हणाले. आमच्याकडची माती कोळशासारखी काळी. लाल धूळ काय भोपाळहून आली होती?

खकनारच्या पुढे टकटक सुरू झाली, मग कडकन् आवाज आला. इंजिन झकास चालू आणि चाक जागच्या जागी. हे सावलीत बसून पुस्तक उघडू लागले. मी टोपी सरकवून आत बोटं घातली, तर अर्धी कटोरी हातात आली. सुया कुठल्या, नुसता लाल चिखल. साडेनऊ वाजून गेले होते. तेवढ्यात मागून बस आली, ती सकाळचीच, जिला आम्ही नाही म्हटलं होतं. मी रस्त्यात उभी राहून हात केला. "थांब की, पाच मिनिटांत होतं," हे म्हणाले. हे पुस्तकातल्या कुठल्या पानावर लिहिलंय, असं मी विचारलं आणि बसमध्ये चढले.

लेखी पेपर बेताचाच गेला. तोंडीला साहेबांनी माझे हात पाहिले. "यह क्या हुआ?"

मग मला थांबता येईना. शाफ्ट, क्रॉस, निपल, चार कटोरियाँ, सूखा ग्रीस, करघे का तेल, सगळं मिस्त्रीच्या हिंदीत धडाधड बोलत गेले. साहेब गालात हसत ऐकत होते.

"अब बताइए, क्रॉस को मराठी में क्या कहते हैं?"

"क्रॉस."

"और ग्रीस को?"

"ग्रीस."

"शाफ्ट?"

"शाफ्ट."

"तो फिर मराठी की ज़रूरत ही क्या है? आप तो हिंदी ही बोलती हैं," ते म्हणाले आणि त्यांनी माझ्या नावापुढे पेन्सिल टेकवली.

ते तिन्ही शब्द त्यांच्या हिंदीतलेही नव्हते, पार विलायतेचे होते. मला ते तिथेच कळत होतं, उत्तर जिभेवर होतं. पण पेन्सिल अजून हलली नव्हती. मी "जी" म्हणाले.

नोकरी राहिली. त्या "जी"ची लाज मला अजून वाटते.