आमच्या शाळेतला ज्ञानकोशाचा तास

शाळेत सगळ्याची नोंद असते. मुलांच्या हजेरीची, खडूच्या डब्यांची, फुटलेल्या परीक्षानळ्यांची. किश्श्यांची नोंद मात्र कुणी ठेवत नाही, आणि तरी तेच सगळ्यात जास्त साठतात! मधल्या सुट्टीत एकानं "अहो, आज काय झालं माहितेय?" म्हणायचा अवकाश, चहा गार होईपर्यंत चार जण चार किस्से सांगून मोकळे होतात.

मी चौगुले बाई. विज्ञान शिकवते. मूळची कागलची, आणि गेली अठरा वर्षं कोल्हापूरपासून स्कूटरनं अर्ध्या तासावरच्या, नदीकाठच्या एका गावातल्या हायस्कूलमध्ये आहे. आता सांगतेय ते सगळे किस्से आमच्या 'ज्ञानकोशाच्या तासा'चे. शाळेला सहा कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर मिळाला, तेव्हा मी हेडसरांना म्हणाले, "सर, इंटरनेटवर अख्खा ज्ञानकोश फुकट पडलाय. प्रत्येक विषयाला आठवड्यातून एक लेख काढून देऊ. गाईडची घोकंपट्टी तरी थांबेल!"

हेडसरांना एवढं आवडलं की दुसऱ्याच दिवशी टाइमटेबलात तास बसला. भाषा, गणित, इतिहास, विज्ञान, सगळ्यांना कोश!

आयडिया माझी होती, हे आधीच सांगून टाकते. पुढं हसताना तेवढं लक्षात असू द्या.

*

पहिल्या वर्षीची सव्वीस जानेवारी. आठवीतल्या सुशांतचं भाषण, विषय 'आपला महाराष्ट्र'. पोराचं पाठांतर दांडगं. कोशातला लेख त्यानं अक्षर न् अक्षर पाठ केलेला. आता कोशात काय असतं, ज्या वाक्याला पुरावा दिलेला नसतो, त्याच्यापुढं कंसात 'संदर्भ हवा' असं टाकलेलं असतं. हे त्याला आम्ही कुणी सांगितलंच नव्हतं.

सुशांत स्टेजवर आला, मूठ वळली आणि गरजला, "महाराष्ट्र ही शूरवीरांची भूमी आहे. संदर्भ हवा!"

मी खुर्चीत ताठ!

"इथली माणसं मनानं मोठी आहेत. संदर्भ हवा!"

गावकऱ्यांना वाटलं, घोषणाच आहे. तिसऱ्या वेळेला तर मागची पोरं त्याच्याबरोबर ओरडायला लागली. टाळ्याच टाळ्या. प्रमुख पाहुणे होते गावातल्या डेअरीचे चेअरमन. ते उठले, फेटा सारखा केला आणि म्हणाले, "पोरगं लाख बोललं! संदर्भ मिळालाच पायजे. आमी वरपातूर पाठपुरावा करतो!"

स्टाफरूममध्ये आम्ही महिनाभर हसलो. पोरांनी सुशांतचं नाव 'संदर्भ' ठेवलं, ते दहावीपर्यंत गेलं नाही. तो परत कधी स्टेजवर चढला नाही. आदल्या दिवशी तो माझ्याकडं आला होता. "बाई, येकदा ऐकता का भाषान?" मी घाईत होते. म्हणाले, "लेखातलंच आहे ना? मग बरोबरच असणार. जा!"

*

सातवीला धातू शिकवत होते. म्हटलं, पाऱ्यावरचा लेख वाचून वहीत माहिती लिहून आणा. मराठीतला लेख चार ओळींचा. म्हणून पोरांनी इंग्रजीतला काढला आणि कॉम्प्युटरकडूनच त्याचं भाषांतर करून घेतलं. इंग्रजीत पाऱ्याचं आणि बुध ग्रहाचं नाव एकच! कॉम्प्युटरला काय माहीत कुठला हवाय? सगळ्या वह्यांत एकच वाक्य: 'बुध हा चकचकीत द्रव असून तो ताप मोजण्यासाठी वापरतात.'

हेडसरांनी सहज एक वही उघडली. वाचलं. चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"चौगुले बाई, बुधवारचं समजलं. गुरुवारी ताप आला तर पोरांनी काय करायचं?"

हसू आलं, पण नीट हसता आलं नाही. कारण त्या वाक्याखाली माझी लाल सही होती. पुढच्या वहीत होती, तिच्या पुढच्या वहीतही होती. सगळ्या वह्या मी 'तपासल्या' होत्या.

*

गणिताच्या जाधव सरांनी शून्यावरचा लेख दिला. लेख भलामोठा, प्रिंटरची शाई तिथंच संपली. पुढच्या चाचणीत एका पठ्ठ्यानं एकही गणित सोडवलं नाही. प्रत्येक प्रश्नाखाली शून्याचा इतिहास लिहून ठेवला, तोही सुवाच्य अक्षरात! जाधव सरांनी वर शेरा मारला, 'विषयाला धरून मार्क दिले आहेत.'

*

हा पुढचा मी स्टाफरूममध्ये सांगत नाही.

नववीत स्वप्नाली नावाची मुलगी होती. तिचे वडील गुळव्या, म्हणजे गुऱ्हाळात रसाच्या मोठ्या काहिलीसमोर उभं राहून गूळ कधी उतरवायचा ते ठरवणारा माणूस. सगळं गुऱ्हाळ त्याच्या तोंडाकडं बघत असतं. मी वर्गाला 'गूळ' हा लेख दिला आणि गूळ कसा तयार होतो ते लिहायला सांगितलं. लेखात होतं, रस अमुक इतक्या अंशाला पोचला की काहील उतरवतात. सगळ्यांनी तेच लिहिलं.

स्वप्नालीनं लिहिलं, 'उकळता पाक थोडा काढून गार पाण्यात टाकतात. त्याची गोळी करून भांड्यावर मारतात. टण्‌ आवाज आला की गूळ झाला. आवाज बद आला तर अजून थांबतात. माझे वडील पाक नुसता वास घेऊनपण ओळखतात.'

मी लाल पेन्सिलीनं त्यावर आडवी रेघ मारली. 'लेखात आहे का हे? कल्पनेनं लिहू नये.' दहापैकी तीन.

तिसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. कामावरनंच आले होते, अंगाला धुराचा वास. चप्पल दाराबाहेर काढली, हातात घडी घातलेला तो कागद.

"बाई, येक इचारू का? रागावू नगासा."

"विचारा की."

"पोरगी मला म्हणती, बाबा, तुमी सांगितल्यालं चुकीचं हाय. बाईंनी रेघ मारलीया." त्यांनी कागद उलगडून टेबलावर ठेवला. "म्हंजे बाई, आख्ख्या गावानं तीस वर्सं चुकीचाच गूळ खाल्ला म्हनायचं की!"

आणि हसले. राग नव्हताच. खरंच विचारायला आले होते. म्हणाले, "आता ह्ये लेखात जे अंश लिवल्यात, ते मोजायचं यंत्र कुटं मिळतं तेवढं सांगा. आनतो. पोरीला खाली बघाय लागाय नगो."

मी माफी मागितली. त्यांच्यासमोर रेघ खोडून दहापैकी दहा केले. ते समाधानानं गेले. जाताना दारात वळून म्हणाले, "एकदा गुऱ्हाळावर या बाई, गरम काकवी देतो." मी "येते, नक्की येते" म्हणाले.

गेले नाही. आणि स्वप्नालीनं पुढच्या दोन वर्षांत वडिलांना विचारून एक ओळही लिहिली नाही. सगळं लेखातलं. मार्क चांगले पडायचे.

*

इतिहासाचे मुल्ला सर मूळचे कुरुंदवाडचे. त्यांचे वडील कल्हई करायचे, तांब्यापितळेच्या भांड्यांना आतून कथील चढवून द्यायचे. सर पुस्तक न उघडता शिकवायचे. लढाई शिकवताना घोडे काय खायचे, पाऊस लागला तर दारू कशी कोरडी ठेवायचे, सगळं सांगायचे. त्यांच्या तासाचा दंगा व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू यायचा.

कोशाचा तास सुरू झाला आणि एक दिवस एक पोरगी कागद नाचवत उभी राहिली. "सर, कोशात असं न्हाय!"

सर हसून म्हणाले, "मग कोशाला कुणीतरी सांगायला पाहिजे."

पण मग ते रोजचंच झालं. "सर, ह्यात न्हाय. सर, ह्येबी न्हाय." हेडसरांनी बोलावून सांगितलं, "मुल्ला सर, कागदाला धरून चला." सर कागदाला धरून चालायला लागले. वाचून दाखवायचे आणि बसायचे. व्हरांडा शांत झाला. हेडसर म्हणाले, "बघा बाई, शिस्त आली!" मीही मान हलवली.

त्यानंतर एकदा सर माझ्याकडं आले. "बाई, तुमच्या कोशात आपल्याला काही लिहिता येतं म्हणतात, खरं काय?"

चार दिवस मधल्या सुट्टीत, एका बोटानं टाइप करत, त्यांनी आपल्या कुरुंदवाडच्या लेखात अकरा ओळी घातल्या. कल्हईवाल्यांची गल्ली, आजूबाजूच्या खेड्यांतनं बैलगाडीनं येणारी लग्नाची भांडी, भाता, नवसागराचा झोंबणारा धूर. शेवटचं बटण मी दाबलं. सर लहान पोरासारखे खूश!

दुसऱ्या दिवशी उघडून बघितलं, तर ओळी गायब. खाली एक टीप: 'संदर्भ नसल्यामुळे मजकूर वगळला.'

सरांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे पुस्तक, पेपरातलं कात्रण, असं काहीतरी लागतं, व्हय?"

"हो सर."

"मग बाई, माझ्या बापाचा संदर्भ कसा द्यायचा?"

वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हणाले, "आधार कार्ड जोडा, सर!"

सगळी स्टाफरूम हसली. सरही हसले. पुढच्या वर्षी रिटायर झाले.

त्या अकरा ओळींची एक प्रिंट काढली असती तर! प्रिंटर माझ्याच ताब्यात होता. गठ्ठेच्या गठ्ठे निघाले त्यातनं. परवा न राहवून सरांना फोन केला. म्हटलं, "सर, तुम्ही सांगा, मी लिहून घेते. कल्हईच्या गल्लीचं."

सर म्हणाले, "बाई, आता आठवायला बसलो की तुमच्या कोशातलंच आठवतंय."

*

आणि हा सानिकाचा.

एके साली महापूर आला. शाळेत पाणी शिरलं नाही, पण गेटातनं दिसणारी खालची गल्ली छपरापर्यंत बुडाली. पंधरा दिवसांनी शाळा उघडली, तेव्हा हेडसर म्हणाले, "पोरांना लिहितं करा. मन मोकळं होतं." सातवी माझ्याकडं होती. मी विषय दिला 'महापूर'. आणि सांगितलं, "निबंध नको. कोशातल्यासारखा लेख लिहायचा. मी, माझी आई, आमचं घर असलं काही आणायचं नाही. व्याख्या, कारणं, परिणाम, उपाय, आणि शेवटी 'हेही पहा'."

कोशातल्या लेखाच्या शेवटी 'हेही पहा' असतं. त्याखाली त्या विषयाशी संबंधित दुसऱ्या लेखांची नावं देतात. मुलांनी बरोबर दिली होती. पाऊस, नदी, धरण.

सानिका खालच्या गल्लीतली. तिचा लेख मी सगळ्यात शेवटी, तीन आठवड्यांनी वर्गात तपासला. व्याख्या चोख. कारणं क्रमानं. परिणामांत 'जीवित व वित्तहानी होते' असं एकच वाक्य. पूर्ण दोन पानांत कुठंही 'मी' नाही. एवढा नीटनेटका लेख त्या वर्गात दुसरा नव्हता. मी मनात दहापैकी दहा देऊन टाकले आणि पान उलटलं.

हेही पहा:
आमचा गोठा
आईचं शिलाई मशीन
ताईची बारावीची पुस्तकं
आजोबांचा फोटो (चिकटला आहे, दिसत नाही)
खालच्या गल्लीतलं शेवटचं घर

मी तिला टेबलाजवळ बोलावलं. हळूच म्हणाले, "सानिका, इथं लेखांची नावं लिहायची असतात ना गं?"

"म्हाईत हाय, बाई."

"मग हे काय लिहिलंयस?"

तिनं वहीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"बाई, पानी उतरून म्हैना झाला. अजून आमच्याकडं कुनीच बघाय आलं न्हाय."