डेसचे गट्टू

सन्मानपत्रात असं होतं: "श्री. डेस्मंड ऑर्मरॉड, वय अडुसष्ट, राहणार वॉल्चा. व्यवसाय: लेथकाम. यांनी स्वहस्ते नायलॉनचे गट्टू घडवून मोटरसायकलींच्या दोन्ही कुशींना बसवले व त्यायोगे, पडझडीच्या असंख्य प्रसंगी, या भागातील वाहने शाबूत राखली. त्यांच्या मालाबाबत आजतागायत एकही तक्रार नाही. सबब क्लब त्यांना तहहयात सभासदत्व बहाल करीत आहे."

आमच्या मोटरसायकल क्लबच्या सेक्रेटरीचं आयुष्य नगरपालिकेच्या नोकरीत गेलंय. त्याचं वाढदिवसाचं कार्डही असंच असतं.

गट्टू म्हणजे मुठीएवढा ठोकळा, इंजिनाशेजारी बोल्टने आवळलेला. गाडी आडवी झाली की रस्त्याला तो घासतो, टाकी वाचते. ऑक्स्लीच्या घाटात इतकी वळणं आहेत की डेसला काम कधी कमी पडलं नाही. त्याचा नियम एकच: घासलेला गट्टू आणा, नवा फुकट न्या. घासलेला तो शेडच्या भिंतीवर ठोकायचा आणि खाली खडूने पडणाऱ्याचं नाव आणि वळण लिहायचा. रविवारी आम्ही हातात पाव-सॉसेज घेऊन ती भिंत वाचत असू.

"डॉक्टरांचे तीन कसे रे, डेस?"

"एक घाटातला. दोन पेट्रोल पंपावर, गाडी उभी असताना."

डेसचा मुलगा रिस त्या भिंतीखालीच वाढला. वळणावर गाडी अशी झोपवायचा की बघणाऱ्याने डोळे मिटावेत. "पडलो तर पडलो, म्हाताऱ्याचा गट्टू आहे की," म्हणायचा. मार्चमध्ये पडला. गाडी गट्टूवर घसरत गवतात जाऊन थांबली. रिस कठड्याच्या खांबावर आदळला आणि जागीच गेला.

पोलिसांनी गाडी परत दिली तेव्हा डेसने घासलेला गट्टू काढला आणि नवा बसवला, कोणालाही बसवला असता तसा. जुना मात्र भिंतीवर गेला नाही. पुढे दर रविवारी तो गाडीचं मागचं चाक स्टँडवर उचलायचा, हाताने फिरवत चेन पुसायचा, तेल द्यायचा. रिसची बायको कॅरलिन त्याच आवारात राहते. चाकाची टिकटिक तिच्या स्वयंपाकघरात ऐकू जाते.

सन्मानाच्या दिवशी डेसला न्यायला मी आणि टोनी व्हेला असे दोघे गेलो. टोनी जुन्या गाड्या मोडून सुटे भाग विकतो. चाक फिरतच होतं. कॅरलिन बाहेर आली.

"डेस, ही गाडी जाणार कधी?"

"चेन कोरडी राहिली तर गंज धरते गं."

"धरू दे. चालवणार कोण आहे?" मग टोनीकडे वळून म्हणाली, "घेऊन जा. मोडून टाक."

टोनीने गाडीभोवती एक चक्कर मारली. "मोडायला हिला झालंय काय? शनिवारपर्यंत विकून देतो."

"म्हणजे माझ्या खिडकीखालून दुसरा कोणीतरी हिच्यावरून जाईल. मला ती मोडलेली बघायचीय."

"चांगल्या गाडीवर माझा हात उठत नाही, कॅरलिन."

ती डेसला म्हणाली, "गाडीला काही होणार नाही हे तू सगळ्या गावाला सांगितलंस. ते फक्त गाडीपुरतं आहे, हे रिसला सांगितलं होतंस?"

"त्याला माहीत होतं."

"नव्हतं, डेस. तो तुझा मुलगा होता."

डेसने फडकं ठेवलं. स्टँड काढला, गाडी ढकलत अंगणातल्या काँक्रीटवर आणली. आम्हाला वाटलं, टोनीच्या ट्रकवर चढवतोय. त्याने गाडी सरळ उभी धरली, कॅरलिनकडे पाहिलं आणि दोन्ही हात सोडले.

गाडी उजव्या कुशीवर पडली. फार आवाज झाला नाही. टाकी जमिनीपासून वीतभर वर राहिली. नव्या गट्टूवर गाडी जरा डुलली आणि थांबली.

कॅरलिन आत गेली आणि तिने खिडकी लावून घेतली. सवयीने मी आणि टोनीने गाडी उचलली. डेसही सवयीनेच वाकून टाकी तपासायला लागला.

दुपारी हॉलमध्ये सन्मानपत्र वाचलं गेलं. "एकही तक्रार नाही" या वाक्याला टाळ्या पडल्या. डेस आला नव्हता.

टाकीला ओरखडाही नव्हता.