तिसरी नळी

गॅरेज दिराचं. वहिनी तिथे आली ती नवऱ्याचा डबा द्यायला, आणि राहिलीच. एकदा गंमत म्हणून वेल्डिंगची काच डोळ्यांपुढे धरली, अन् वर्षभरात तिचे जोड इतके साफ येऊ लागले की दीर ते गिऱ्हाइकांना स्वतःचे म्हणून दाखवायचा. सायलेन्सरला मात्र तो तिला हात लावू देत नसे. "ते कानाचं काम आहे, वहिनी," म्हणायचा. त्याच्या लेखी कानाचं काम म्हणजे सायलेन्सरच्या आतली भोकाभोकांची नळी, जिला बॅफल म्हणतात, ती उपटून फेकायची. गाडी गरजली की गिऱ्हाईक खूश!

डोंगरावरच्या वस्त्यांत बाळंतपणं करणाऱ्या नर्सबाईंची मोटरसायकलही त्याने अशीच गरजती करून दिली होती. एके दिवशी त्या हातात आरटीओची नोटीस घेऊनच आल्या.

"आठ दिवसांत आवाज कमी करा, नाहीतर गाडी जप्त, म्हणतात. आणि खरं सांगू? मी बाळाला झोपवून निघते, नि माझीच गाडी त्याला उठवते."

दिराने बाजारातलं तयार बॅफल बसवून दिलं. गाडी गोगलगाय झाली, पण चढाच्या मध्यावर तिने मान टाकली. वर एक बाई कळा देत होती, आणि नर्सबाई गाडी ढकलत होत्या. दुसऱ्या दिवशी त्या तणतणत परत आल्या.

"आता काय ते एक ठरवा," दीर म्हणाला. "शांतता हवी की ताकद?"

हे वहिनीच्या डोक्यात गेलं. "भावोजी, दोन्ही का नको? द्या ती गाडी इकडे."

तिने तयार बॅफल ओढून काढलं. त्याचं तोंड जेमतेम करंगळी जाईल एवढं. धूर बाहेर पडणार कुठून, आणि इंजिन श्वास घेणार कसा? तिने रुंद, मोठ्या भोकांची नळी केली. गाडी चढ चढली, पण अख्खी गल्ली खिडकीत आली. दुसऱ्या नळीला बारीक भोकं पाडून वर काचेच्या लोकरीचा थर गुंडाळला. आवाज उतरला, पण सुरुवातीचा जोर गेला, आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला की फटफट बार.

"लाह्या छान फुटतायत!" दीर हसला.

वहिनीने प्लग काढला. पांढराफटक. म्हणजे हवा फार, पेट्रोल कमी. तिने कार्ब्युरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट एक नंबर मोठा घातला. मग तिसरी नळी: तोंड किंचित अरुंद, लांबी चार बोटं जास्त, भोकं मागे मागे बारीक होत गेलेली. दोनशे चाळीस भोकं तिने स्वतः पाडली आणि प्रत्येकाची कड कानशीने घासली, कारण खरखरीत कडेवर वारा शिट्टी वाजवतो.

आठव्या दिवशी आरोग्यकेंद्राच्या आवारात आरटीओचे साहेब आवाज मोजायचं यंत्र घेऊन उभे. मर्यादा ऐंशी डेसिबलची. काटा सत्त्याहत्तरवर थांबला. साहेबांनी यंत्राला टिचकी मारली, "पुन्हा पिळा." पुन्हा सत्त्याहत्तर! त्यांनी नोटीस फाडली, तशी दिराने सगळ्यांदेखत टाळी वाजवली.

"वहिनी, मानलं तुम्हाला. मला शिकवा हे."

"आधी चढ बघू," वहिनी म्हणाली आणि औषधांची पेटी मांडीवर घेऊन नर्सबाईंच्या मागे बसली.

दोघी आणि पेटी, एवढ्या वजनासकट गाडी तिसऱ्या गिअरमध्ये सरसर चढली. शेवटच्या वळणावर नर्सबाई ओरडल्या, "अहो, अजून पिळायला जागा आहे!" वहिनीच्या अंगावर काटा आला. ती मोठ्यांदा हसली, तिचा पदर वाऱ्यावर सुटला, आणि तिने तो आवरला नाही.

वर पोचल्यावर नर्सबाई एका घरात तपासणीला गेल्या. वहिनी गाडीपाशी दगडावर बसली. अगदी खालच्या वेगाला जोर अजून थोडा वाढवता येईल, असं तिला वाटत होतं. तिने एप्रनच्या खिशातून खडू काढला आणि शेजारच्या सपाट दगडावर चौथी नळी काढायला घेतली.