मामांच्या पानाची मागची बाजू

माझ्या मामांनी नऊ पुस्तकं लिहिली आणि नऊच्या नऊ पुस्तकांना परिशिष्टं जोडली. पहिलं होतं ‘सार्वजनिक नळावरील रांग : एक पुनर्विचार’. मग बसथांबे झाले, पोटाचे विकार झाले, मांजरांवरची बालगीतं झाली. बालगीतांमध्ये तीन तक्ते आहेत. एक रहस्यकथाही आहे, पण मामांचा शिस्तीवर इतका विश्वास की तिच्या शेवटी त्यांनी विषयसूची दिली, आणि त्या सूचीत ‘ख’खाली छापलं : खुनी – पाहा, माळी.

“तुझ्या मामांचा वाचक एकच,” मामी म्हणायची. “वाळवी. तीसुद्धा प्रस्तावनेपुढे गेलेली नाही.”

मामा पालिकेच्या रस्ते खात्यात आवक-जावक कारकून होते. आलेल्या कागदावर एक शिक्का, गेलेल्या कागदावर दुसरा. चौतीस वर्षं ते त्याच खिडकीमागे त्याच खुर्चीत बसले. खुर्चीवर उशी तेवढी दोनदा बदलली. या काळात रस्ते सुधारण्याच्या बावीस सूचना त्यांनी वर पाठवल्या आणि बावीसही परत आल्या. परत आल्यावर त्यांच्यावर आवकचा शिक्का मामांनाच मारावा लागला.

तेविसावी सूचना शाळेसमोरच्या रस्त्याची होती. तिथे ना पट्टे, ना दिवा. माझी मुलगी त्या शाळेत दुसरीत आहे. रोज शाळा सुटताना माझा जीव टांगणीला लागतो, हे मामांना माहीत होतं, कारण मी त्यांना ते रोज फोन करून सांगत असे. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते. म्हणाले, “पोरी, जाता जाता एवढे पट्टे मारून घेतो बघ.” आणि साठ पानी प्रस्ताव लिहायला बसले.

आता मामांच्या लिहिण्याची पद्धत सांगायला हवी. कागदाची एक बाजू कोरी राहिली तर त्यांना रात्री झोप लागत नाही. त्यामुळे ते टाइपरायटरवर सकाळी पानाच्या पुढच्या बाजूला धोरण लिहितात आणि संध्याकाळी तेच पान उलटून मागे ऐतिहासिक कादंबरी. “डोकं शिणलं की पान उलटायचं,” ते म्हणतात. त्या वेळी कादंबरीत एक राणी वेढ्यात अडकली होती. पुढे पादचारी अडकले होते, मागे राणी.

प्रस्तावाच्या पाच प्रती काढायचं काम मी अंगावर घेतलं, कारण झेरॉक्सचं दुकान शाळेच्या बरोबर समोर आहे. दुकानदाराने विचारलं, “एक बाजू की दोन्ही?” त्याच क्षणी शाळा सुटली. मुलगी पलीकडच्या फुटपाथवर उभी, बुटाची नाडी सुटलेली, आणि मधून एक टेम्पो भरधाव. मी मागे न बघता म्हटलं, “करा हो काय करायचं ते!” आणि धावले. त्याने टाइप केलेला मजकूर दिसला तेवढा सगळा छापला, आणि तो गठ्ठा मी न उघडताच मामांच्या खिडकीत दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामांचा फोन. आवाज खोल गेलेला.

“पोरी, दुसऱ्या पानावर राणी घोड्यावर बसली.”

“कुठल्या दुसऱ्या पानावर?”

“पादचाऱ्यांच्या!”

“मग परत घ्या ना, मामा. तुमच्याच खिडकीत तर दिलाय.”

“आवक झालेला कागद परत देता येत नाही.”

“असं कोण म्हणतं?”

“मीच. नियम मीच केलाय, नोकरीच्या पहिल्या वर्षी. परिशिष्टासकट.”

पुढचे आठ दिवस मामा जेवताना भाताकडे बघत बसत. मामीने मात्र घरची प्रत पहिल्यांदाच उघडली, आणि पोळी तव्यावर टाकून वाचू लागली. त्या आठवड्यात त्यांच्याकडे पोळ्या काळ्याच होत्या.

पालिकेच्या रस्ते समितीने मामांना बोलावलं तेव्हा मीही गेले. चूक माझी होती. लांब टेबल, पाण्याचे ग्लास, समोर अध्यक्षबाई आणि शेजारी इंजिनियर. सगळ्यांच्या प्रतींचे कोपरे दुमडलेले. इंजिनियरची प्रत मला दिसत होती. एका पानावर ‘या ठिकाणी पादचाऱ्याला सरासरी चार मिनिटे थांबावे लागते’ आणि समोरच्या पानावर ‘चार दिवस झाले सेनापती, आता माझा धीर सुटला!’ असं होतं. समासात त्यांनी पेन्सिलीने लिहिलं होतं : सहमत.

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. “हे काय आहे?”

“चूक झाली, बाई. मागची बाजू—”

“चूक नाही, अन्याय आहे हा! राणी चोरदरवाजाच्या कडीला हात लावते आणि पानं संपतात?”

मामा गोंधळले. “कागद संपला, बाई. प्रस्ताव साठ पानांत आटोपला. मागे तेवढ्याच बाजू मिळतात.”

“मग नवा कागद घ्या की,” इंजिनियर म्हणाले. “दरवाजा उघडते की नाही ती? सेनापती फितूर आहे, हे मला विसाव्या पानालाच कळलं होतं.”

“कोऱ्या कागदावर मला कादंबरी सुचत नाही हो. पुढची बाजू आधी भरलेली लागते.”

इंजिनियरांनी आपल्या प्रतीचं शेवटचं पान उलटून पाहिलं.

“कशाने भरलेली?” अध्यक्षबाईंनी सावकाश विचारलं.

मामांना लबाडी येत नाही. त्यांनी केवळ माहिती म्हणून सांगितलं, “कशानेही चालेल. मंजुरीचा आदेश असला, तरीसुद्धा.”

इंजिनियरांनी अध्यक्षबाईंकडे पाहिलं. अध्यक्षबाईंनी घंटी वाजवली.

चौतीस वर्षांत मंजूर झालेली मामांची ती पहिली सूचना. सही झाली, आणि आदेश जावकसाठी मामांच्याच खिडकीत आला. मामांनी तो रीतसर एक संध्याकाळ घरी नेला, मागची बाजू भरली, सकाळी शिक्का मारला आणि रवाना केला. नोकरीचा त्यांचा तो शेवटून तिसरा दिवस.

रंगारी आले तेव्हा मी शाळेसमोर होतेच. आदेश हातात धरून ते दोघं बादलीवर बसले ते उठेचनात. एक वाचत होता, दुसरा ऐकत होता.

“अहो, पट्टे कधी मारणार?” मी विचारलं.

“ताई, एक मिनिट. राणी खंदकापाशी आलीये.”

मीही वाकून ते पान वरपासून वाचलं. राणीने दरवाजा उघडला. आधी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. तीनशे सैनिकांनी दोघादोघांच्या जोड्या करून एकमेकांचे हात धरले, आणि सगळे न धावता, न ढकलता, खंदकावरच्या पुलावरून पलीकडे गेले. शत्रूसैन्य आपापल्या जागी थांबून राहिलं. खाली परिशिष्ट होतं : शत्रू थांबण्याचा सरासरी कालावधी.

रंगाऱ्याने डोळे पुसले आणि बादलीचं झाकण उघडलं.

आता मुलगी त्या पट्ट्यांवरून येते. पहिल्या पट्ट्यापाशी थांबून आधी राणीसारखी मान वळवते. मी तरीही इकडच्या बाजूला उभी असते, आणि तरीही मामांना रोज फोन करते. परवा मामीनेच उचलला.

“त्यांना काही सुचत नाहीये,” ती म्हणाली. “ऑफिस नाही, तर पुढची बाजू भरणार कशाने? राणी आपली पलीकडे जाऊन उभीच आहे.”

“मग गं?”

“मग काय, बसले मीच. आत्ताच पान भरून त्यांच्यापुढे पालथं ठेवलंय.”

“काय लिहिलंस?”

“स्वयंपाकघरातला गळका नळ : एक पुनर्विचार,” मामी म्हणाली. “ठेव आता. टाइपरायटर वाजायला लागलाय.”