पानमळ्यातले टायर

समस्त वऱ्हाडवासीयांस, आणि अंजनगाव सुर्जीच्या पानमळेवाल्यांस हात जोडून विशेष, कळवण्यात येते की रबर ही विड्यात घालण्याची वस्तू नव्हे. तिला चुना लावत नाहीत, तिच्यात कात टाकत नाहीत आणि थंडीच्या दिवसांत तिच्यावर रोज सकाळी पाणी शिंपडत नाहीत. ही गोष्ट कुणीतरी आमच्या मामांना वेळेवर सांगायला हवी होती. मी सांगितली होती, हेच तर दुःख आहे.

मी तेव्हा अमरावतीला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो, म्हणजे व्यवहारातलं काहीही न कळण्याच्या सर्वांत वरच्या पायरीवर होतो. दर फाल्गुनात कॉलेजातल्या पोरांची सायकल शर्यत व्हायची, अमरावतीहून बडनेरा आणि परत. आदल्या वर्षी ती अकोल्याहून शिकायला आलेल्या एका पोरानं जिंकली. केसांना सुगंधी तेल चोपडून शर्यतीला येणारा प्राणी तो! जिंकल्यावर सगळ्यांदेखत मला म्हणाला, "तुमी अमरावतीवाले टांग्यातच बरे दिसता." ते वाक्य मी वर्षभर जेवणाबरोबर चावत होतो. आता ही शेवटची संधी. परीक्षा झाली की ना कॉलेज, ना शर्यत, ना तो.

म्हणून मी मुंबईहून शर्यतीचे खास टायर मागवले. अंगठ्याएवढे बारीक, चाकाला डिंकासारख्या चिकानं चिकटवायचे, रबराच्या आत सुती कापडाचं अस्तर. आले ते नेमके दिवाळीत. आणि दिवाळीपासून माघापर्यंत बडनेऱ्याचा रस्ता असतो कापसाच्या गाड्यांचा. बैलांच्या नालांचे खिळे अशा रस्त्यावर कसे पेरलेले असतात, ते अनवाणी चाललेल्यालाच विचारावं. तेव्हा हिवाळाभर जुन्या जाड टायरांवर सराव करायचा आणि नवे जपून ठेवायचे असं ठरलं. सायकलवाल्यानं बजावलं होतं, "अंधारात ठेवा, कोरडे ठेवा, थंडीनं कडक पडू देऊ नका."

माझ्या भाड्याच्या खोलीवर टिनाचं छप्पर होतं आणि आत माझ्यापेक्षा जुने भाडेकरू उंदीर. म्हणून मी टायर घेऊन अंजनगावला मामांकडे गेलो.

आमचे मामा पानांचे पंडित. तीन पिढ्यांचा पानमळा. कोणताही विषय काढा, मामा त्याचा देठ खुडून, पुसून, चुना लावून तुमच्या हातावर ठेवणार. त्यांनी एक टायर उचलला, दोन बोटांत दाबला, उजेडात धरला.

"झाडाच्या चिकाचंच होय ना हे?" मामांनी विचारलं.

"होय मामा. पण कोरड्या जागी ठेवा लागते."

"कोरड्या? सातपुड्याचं वारं सुटलं की पान काळं पडते, ओठ फाटते, टाच फाटते. अन् हे नाई फाटत?"

"मामा, दुकानदारानं सांगतलं..."

"त्याच्या बापानं लावलता काय मळा? तू जाय. अभ्यास कर."

आतून मामी म्हणाल्या, "अवो, पोरगं सांगून राहिलं तसं ठेवा ना! ते काय पान होय?"

"तू चूप राय. तुले नाई समजत." मामींना समजत होतं, मामांना नव्हतं, आमच्या घराण्यात हीच कामाची वाटणी होती.

आणि मी? मी निमूट परत आलो. मोठ्या माणसासमोर किती बोलावं याचे संस्कार माझ्यावर झालेले होते. त्या संस्कारांचं पुढं काय करावं ते मला आजही कळलेलं नाही.

पौषात मामांचं कार्ड आलं, 'माल टवटवीत आहे. रोज फेरतो.' मला वाटलं, ही मामांची बोलण्याची तऱ्हा. पुढे कळलं, ते शब्दशः खरं होतं. पानवाले ओल्या तरटात गुंडाळलेली पानं रोज उलटीपालटी करतात, सडकं काढतात, पाणी शिंपडून पुन्हा झाकतात. माझे टायर चार महिने बांबूच्या टोपलीत, कपुरी पानांच्या शेजारी, असेच वाढले होते.

शर्यतीच्या आदल्या दिवशी मामा-मामी बैलांची दमणी जुंपून अमरावतीला आले. मामांनी टोपलीवरचं तरट असं उचललं, जणू आत बाळकृष्ण आहे. टायर चकचकीत! कडेला काळे ठिपके होते, ते मामांनी धोतराच्या सोग्यानं पुसले. वास घेतला, तर विड्याचा.

"ओले आहेत मामा," मी म्हणालो.

"ताजे हायेत," मामा म्हणाले.

दुसरे टायर आणायला वेळ नव्हता. जुन्या जाड टायरांवर अकोल्याच्या त्या तेलकट डोक्याला गाठणं शक्य नव्हतं. मी ते उन्हात धरले, चिकटवले आणि स्वतःला शहाणा समजत झोपलो.

बडनेऱ्यापर्यंत मी पुढे होतो, चांगला दहा-बारा हात. परतताना गर्दी दिसू लागली, दमणीवर उभे राहून पागोटं फिरवणारे मामा दिसले, आणि मागचा टायर फाटला. हो, फाटलाच. भिजलेलं धोतर टरकावं तसा आवाज आला. मी धुळीत. अकोलेवाला शेजारून गेला. जाताना फक्त घंटी वाजवली. दोनदा.

लोक जमले. मामा गर्दी सारत आले. मी पडलोय, गुडघा फुटलाय, वर्षभराचं स्वप्न रस्त्यावर सांडलंय, याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी टायर उचलला. आतलं कुजलेलं अस्तर बोटानं ओढलं, ते शेवयांसारखं सुटत आलं. नाकाशी नेलं. डोळे मिटले. मला वाटलं, आता तरी हा माणूस चूक कबूल करतो.

मामा कळवळून ओरडले, "पानी कमी पडलं ना बाप्पा!"